बापाची दोन पानं

"सर, तुम्ही बाप कराल का?"

फोनवरच्या मुलीने हा प्रश्न टाकला तेव्हा नटवर्य स्वयंपाकघरात पालथे पडून, फ्रीजखाली गेलेलं बरणीचं झाकण फुटपट्टीने ओढत होते. अशा अवस्थेत माणसाला कुठलाही प्रश्न जरा अंगावर आल्यासारखाच वाटतो. "कोणाचा?" असं त्यांनी विचारलं आणि उठायच्या घाईत डोकं फ्रीजच्या दारावर असं आपटलं, की आतल्या बाटल्या वाजल्या.

"मुलीचा," ती म्हणाली. "मालिका आहे, सर. एकच सीन आहे, पण दोन पानांचा आहे. वडील मुलीला सगळं खरं सांगून टाकतात. आणि सगळं वडिलांच्या क्लोजवर, नुसता चेहरा."

नटवर्य हे काही त्यांचं नाव नव्हे. बिल्डिंगमधल्या लोकांनी ते ठेवलं होतं. मानाने ठेवलं की टिंगलीने, याची चौकशी त्यांनी एकतीस वर्षांत कधी केली नाही, आणि तेच शहाणपणाचं होतं.

आता ही दोन पानं म्हणजे काय ते नीट समजून घ्या, नाहीतर पुढचा सगळा खटाटोप वेडेपणा वाटेल. (वेडेपणा होताच तो. पण निदान त्याला कारण होतं.) एकतीस वर्षांत नटवर्यांनी एकोणीस इन्स्पेक्टर, अकरा वकील, असंख्य शेजारी आणि एक मेलेला मामा केला होता. त्यांचं आजवरचं सर्वांत मोठं वाक्य होतं, "साहेब, बाहेर कोणीतरी भेटायला आलंय, नाव सांगत नाही, आत पाठवू का?" मोजून अकरा शब्द. आणि हे अकरा शब्द ते जीव ओतून म्हणत असताना कॅमेरा कुठे होता? साहेबांच्या तोंडावर! रस्त्यात लोक त्यांना थांबवायचे, निरखून बघायचे आणि आनंदाने म्हणायचे, "तुम्ही विजेच्या ऑफिसात होतात ना?" पडदाभर फक्त आपला चेहरा, आणि आपण बोलतोय, आणि कोणी मधे येत नाहीये, एवढं एकदा व्हावं, असं त्यांना फार वाटायचं. वय अठ्ठावन्न झालं होतं. बापाचीही कामं आता पंचेचाळिशीतले देखणे लोक कानशिलं पांढरी करून घेऊन जात होते. हे हुकलं तर पुढे थेट आजोबा, आणि मालिकेतल्या आजोबाला खोकल्यापलीकडे वाव नसतो.

"करतो," नटवर्य म्हणाले.

"मग उद्या चार वाजेपर्यंत व्हिडिओ पाठवा, सर. घरीच मोबाइलवर काढा. उजेड दिवसाचा हवा, आणि मागे फक्त एक साधी भिंत. बस्स."

पूर्वी बरं होतं. ऑडिशन म्हणजे कुठल्यातरी ऑफिसात जायचं, बाकावर आपल्यासारख्याच दिसणाऱ्या बावीस बापांच्या शेजारी बसायचं आणि संध्याकाळी परत यायचं. भिंत त्यांची असायची. आता मात्र नटाने कॅमेरा, उजेड, भिंत सगळं घरचं आणायचं, आणि अभिनयही वर करायचा.

नटवर्यांच्या घरात एकाच खोलीत धड उजेड यायचा, बाहेरच्या. त्या खोलीत खिडकीचा उजेड पडायचा एकाच भिंतीवर. आणि त्या भिंतीवर, छतापासून पार सोफ्याच्या पाठीपर्यंत, ओल होती. साधीसुधी नव्हे. कडेने तपकिरी, मधे हिरवट, मधूनच रंगाचे पोपडे सुटलेले. वरच्या मजल्यावरच्या वहिनींची मोरी गळायची, त्याचा हा प्रसाद. या ओलीबद्दल नटवर्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरींना चार वर्षांत सतरा अर्ज दिले होते. सेक्रेटरी कुठल्याशा सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. प्रत्येक अर्जावर ते पोच द्यायचे, सहीच्या खाली तारीख घालायचे आणि अर्ज फाइलला लावायचे. त्यांच्या दृष्टीने काम तिथे संपलेलं असायचं.

नटवर्यांची बायको शाळेत गणित शिकवायची. तिने दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, बाराला घरी आली, पर्स ठेवली आणि म्हणाली, "चार तास आहेत. भिंत शोधा."

झोपण्याच्या खोलीत भिंत होती, पण तिला कपाट टेकलेलं होतं, आणि ते कपाट हलवायचं म्हणजे आधी त्यातलं सगळं काढायला हवं होतं. वरच्या वहिनींकडे भिंत मोकळी होती, पण गुलाबी, आणि तिच्यावर सोनेरी फुलं. "भाऊजी, बाप मुलीच्या लग्नात बोलतोय असं दाखवा ना," वहिनींनी सुचवलं. सोसायटीच्या ऑफिसात मात्र एक अगदी हवी तशी पांढरी भिंत होती. नटवर्यांनी सेक्रेटरींपुढे हात जोडले.

"ही भिंत पाच मिनिटं हवीय."

"भिंत?" सेक्रेटरींनी चष्मा काढला. "म्हणजे व्यावसायिक वापर. अर्ज लागेल. कमिटी दुसऱ्या रविवारी बसते."

"आज चारपर्यंत पाठवायचंय हो!"

"नटवर्य, माझं काही नाही. पण आज तुम्हाला भिंत दिली, उद्या दुसरा कोणी येऊन म्हणेल, मलाही भिंत द्या. मी कुठकुठल्या भिंती पुरवू?"

गच्चीवर जाऊन पाहिलं, तर वारा असा की बापाच्या तोंडून निघालेला शब्द मुलीकडे न जाता पाण्याच्या टाकीकडे जायचा. शेवटी बायकोने पांढरी चादर काढली आणि ओलीवर चार खिळ्यांनी टांगली. नटवर्य पुढे उभे राहिले. बायकोने मोबाइल दोन्ही हातांत घट्ट धरला आणि वर्गात म्हणतात तसं म्हणाली, "हं, सुरू करा. हलायचं नाही."

"बाळा," नटवर्यांनी सुरुवात केली, "मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली," आणि तेवढ्यात वरचे दोन्ही खिळे ओल्या गिलाव्यासकट सुटले आणि चादर नटवर्यांच्या डोक्यावर आली. आत ते आणखी दोन वाक्यं बोलत राहिले, कारण व्यावसायिक माणूस मधे थांबत नाही.

पावणेचार झाले होते. "राहू दे ती चादर," बायको म्हणाली. "असेच उभे राहा." आणि मग त्या ओलीपुढेच, केस विस्कटलेले, खांद्यावर गिलाव्याचा चुरा, अशा थाटात नटवर्यांनी दोन पानं म्हटली. गोष्ट साधी होती. मुलीला लांबच्या शहरातून नोकरीचं पत्र आलेलं असतं, आणि बापाने ते सहा महिने शिवणाच्या डब्यात लपवलेलं असतं, कारण ती गेल्यावर एकट्याने जेवायची त्याला भीती वाटत असते. म्हणून झाल्यावर बायकोने मोबाइल कानाशी धरला, "आवाज येतोय," एवढं म्हणाली आणि तीन अठ्ठावन्नला पाठवून दिलं. तिच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ होतं.

तिसऱ्या दिवशी त्या मुलीचा फोन आला.

"सर! सगळ्यांना प्रचंड आवडलं!"

नटवर्य सोफ्यावर बसले. मग उभे राहिले. "कुठला भाग आवडला?"

"भिंत, सर."

"भिंत?"

"ती ओल! आमचे लोक महिनाभर सेटवर तशी भिंत करायला बघतायत, जमतच नाहीये. आणि खिडकीचा उजेड तर कमाल. दिग्दर्शक म्हणाले, हेच घर हवं. शूटिंगला घर द्याल का, सर?" मग जरा थांबून ती म्हणाली, "अभिनय पण छान होता."

या 'पण'ने नटवर्यांचं तोंड एवढंसं झालं. बापाचं काम कोणाला दिलंय, असं त्यांनी विचारलं, तर ते अजून ठरतंय, दोन-तीन मोठी नावं आहेत, असं उत्तर आलं. म्हणजे त्यांच्याच घरात, त्यांच्याच सोफ्यावर, त्यांच्याच ओलीपुढे, दुसराच कोणी कानशिलं पांढरी करून दोन पानं म्हणणार! एवढ्यात बायकोने हात पुढे करून फोन घेतला.

इथे एक सांगायला हवं, की घर तिच्या नावावर होतं. घराच्या कर्जाचे कागद करताना व्यवसायाच्या रकान्यात नटवर्यांनी 'अभिनय' लिहिलं, तेव्हा टेबलापलीकडच्या माणसाने ते वाचून अत्यंत आपुलकीने विचारलं होतं, "ते ठीक आहे, पण करता काय?" तेव्हापासून घर तिच्या नावावर.

"घर माझं आहे," ती फोनवर म्हणाली. "भिंत सुटी मिळणार नाही. भिंतीसोबत माणूस आहे. दोन्ही घ्या नाहीतर दोन्ही सोडा." पलीकडून काहीतरी चिवचिवाट झाला. "विचारून सांगा. मी थांबते."

दहा मिनिटांत होकार आला. झालं, नटवर्य बाप झाले.

पण आनंद कसला? त्यांनी दोन दिवस तोंड पाडलं. जेवताना बोलले नाहीत. "मला भिंतीवर फुकट दिलंस तू," ते शेवटी म्हणाले. "पावडरच्या डब्यावर चमचा देतात तसं."

"एकतीस वर्षं गुणांवर घेतील म्हणून वाट बघितलीत," बायको वह्या तपासताना मान वर न करता म्हणाली. "आता ओलीवर घेतायत. घ्या म्हणावं."

तिसऱ्या दिवशी दोन पानांनी अभिमानावर मात केली आणि नटवर्य तालमीला लागले. घर बघायला मंडळी पुढच्या शुक्रवारी येणार होती, शूटिंग त्यानंतर चार दिवसांनी. बातमी बिल्डिंगभर पसरायला एक दिवससुद्धा लागला नाही. जो तो सल्ला द्यायला येऊ लागला. पहिल्या मजल्यावरचे म्हणाले, बापाने मधे एकदा छातीला हात लावावा. तळमजल्यावरचे म्हणाले, अजिबात लावू नये, आता कोणी लावत नाही. वर ठोकाठोक चालू झाली होती, तीन दिवस चालली होती, पण नटवर्य त्या दोन पानांत इतके बुडाले होते की त्यांनी फक्त खिडकी लावून घेतली.

गुरुवारी ते बापाला शोभेल असा चष्मा बघायला गेले. बायको शाळेत होती. किल्ली नेहमीप्रमाणे वरच्या वहिनींकडे. चौदा चष्मे लावून, पंधरावा घेऊन नटवर्य संध्याकाळी घरी आले, दार उघडलं आणि दारातच खिळून उभे राहिले.

भिंत पांढरीशुभ्र होती. नुसती पांढरी नव्हे, तिला चमक होती. भिंतीशेजारी सेक्रेटरी उभे, त्यांच्या मागे वरच्या वहिनी, दोघांच्याही चेहऱ्यावर वाढदिवसाला आल्यासारखं हसू.

"चार वर्षं मागे लागला होतात ना?" सेक्रेटरी म्हणाले. "घ्या! वरची मोरी मुळापासून नवी केली. खाली गिलावा नवा, रंग नवा. म्हटलं, कॅमेरा येणार, सोसायटीची अब्रू जायला नको. तुमचे सतराच्या सतरा अर्ज आज निकाली निघाले, नटवर्य!"

"माझ्या मोरीचं नाव उगाच बदनाम झालं होतं," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "आता नाही कोणी बोट दाखवणार."

नटवर्यांना ओरडावंसं वाटलं, पण ओरडणार कशावर? मागितलं तेच मिळालं होतं. एकतीस वर्षांत मिळवलेलं सगळं कसब पणाला लावून ते म्हणाले, "वा!"

दोघं खूश होऊन गेली. दहाच मिनिटांत नटवर्य वरच्या वहिनींच्या दारात हजर.

"वहिनी, एक विनंती आहे. जरा मोरी गळू द्याल का?"

वहिनींचा चेहरा बघण्यासारखा झाला. "चार वर्षं माझ्या मोरीच्या नावाने बोटं मोडलीत, भाऊजी. जिन्यात भेटल्यावर मान फिरवलीत. आणि आता ती धडधाकट झाली, तर गळू द्या म्हणता?" त्यांनी दार लावलं. मग पुन्हा किलकिलं केलं. मनाने फार चांगली बाई. "एक बादली ओतते. पण कोणाला सांगू नका."

ओतली. एक नाही, तीन ओतल्या. पण काम इतकं पक्कं झालं होतं की पाण्याचा एक थेंब खाली उतरला नाही. ते उंबरा ओलांडून जिन्यावर आलं आणि पायऱ्या उतरत थेट सेक्रेटरींच्या पायपुसण्यापर्यंत गेलं. सेक्रेटरी वर आले, तेव्हा नटवर्यांच्या हातात अठरावा अर्ज तयार होता. विषय: भिंतीवरील ओल पूर्ववत करून मिळण्याबाबत.

सेक्रेटरींनी तो दोनदा वाचला. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला. "नटवर्य," ते हळूच म्हणाले, "घरी सगळं ठीक आहे ना? आणि असं आहे, ठेकेदाराने पाच वर्षांची हमी दिलीय. लेखी. आता पाच वर्षं ती भिंत ओली होऊच शकत नाही."

बायको शाळेतून आली तेव्हा नटवर्य स्टुलावर उभे राहून, कढईभर चहात स्पंज बुडवून भिंत थोपटत होते. तिने पर्स ठेवली. बराच वेळ बघितलं.

"चहा आहे का?"

"ओल आहे," नटवर्य म्हणाले.

"चहा दिसतोय," ती म्हणाली, आणि उरलेला तरी वाया जाऊ नये म्हणून तिने दोन कप गाळून घेतले.

शुक्रवारी मंडळी आली. दिग्दर्शक म्हणजे तिशीतला टोपीवाला गृहस्थ. तो आत आला, भिंतीकडे बघितलं आणि टोपी काढली. फोनवरची मुलगी रडायच्या बेतात. नटवर्यांच्या डोळ्यांसमोरून दोन पानं फडफडत खिडकीबाहेर निघाली होती. तेवढ्यात त्यांच्यातला एक म्हातारा रंगारी पुढे झाला. सेटवरच्या नव्या वस्तू जुन्या करणं हेच त्याचं काम, चाळीस वर्षं. त्याने व्हिडिओतली ओल मोबाइलवर मोठी करून बघितली, चहाचे डाग बोटाने खरवडले, "हे कोणी केलं?" असं विचारलं, आणि कोणी उत्तर दिलं नाही तेव्हा समजुतीने मान हलवली.

"सेटवर कधीची करतोय," तो म्हणाला. "पण काय बघून करू ते कळत नव्हतं. आता कळलं."

दीड तासात त्याने ब्रश, स्पंज आणि कसल्यातरी भुकटीने ओल परत आणली. मूळच्या ओलीपेक्षा चांगली. तिच्यात एक प्रकारचं दुःख होतं, असं दिग्दर्शक म्हणाला. नटवर्यांचा जीव भांड्यात पडला. सेक्रेटरींचा मात्र वर आला, कारण सोसायटीचा ताजा रंग त्यांच्या डोळ्यांदेखत नासला जात होता. भागाच्या शेवटी येणाऱ्या नावांच्या यादीत सोसायटीचे आभार मानू, असं कबूल केल्यावर ते शांत झाले, आणि त्यांनी परवानगीच्या पत्रावर शिक्का मारला: सकाळी नऊ ते सायंकाळी पाच. पाचनंतर एक मिनिटही नाही.

शूटिंगच्या दिवशी नऊला घरात चाळीस माणसं शिरली. नटवर्यांच्या बायकोला वरच्या वहिनींकडे पाठवलं गेलं. तिच्या स्वयंपाकघरात तारांची वेटोळी आणि तिच्या पलंगावर दिव्यांची खोकी. मुलीचं काम करणारी नटी तेविशीतली, सध्या घरोघरी ओळखीची. ती साडेबाराला आली, आणि तिला साडेतीनला दुसरीकडे पोचायचं होतं.

"आधी तिचा क्लोज घेऊन टाकू, सर," दिग्दर्शक नटवर्यांना म्हणाला. "ती गेली की मग निवांत तुमचा. तुमची नुसती पाठ येईल कोपऱ्यात. तुम्ही आपलं साधंच म्हणा, तिला ऐकायला. जोर तुमच्या क्लोजला राखून ठेवा."

या धंद्यात हे सगळ्यांना माहीत असतं. कॅमेरा समोरच्यावर असताना आपण आपलं सामान खर्च करायचं नसतं. नटवर्यांनाही इतकी वर्षं सगळ्यांनी असंच कोरडं कोरडं ऐकवलं होतं. त्यांनी पहिल्या वेळी दोन पानं बाजाराची यादी वाचावी तशी म्हटली. मुलीने रडायचं होतं. ती रडली नाही. दुसऱ्या वेळीही नाही. तिसऱ्या वेळी डोळ्यांत घालायचं औषध आणलं, आणि त्याने तिचे डोळे लाल झाले, पण चेहरा होता तसाच राहिला. दिव्यामागून कोणीतरी हळूच म्हणालं, "हिला नुसतं दिसता येतं." तिने ते ऐकलं. हातातला रुमाल उगाचच घडी करत बसली.

नटवर्यांनी ते बघितलं. असल्या कुजबुजी त्यांनी स्वतःबद्दल इतक्या ऐकल्या होत्या की आवाजावरून त्यांना शब्द कळायचे. त्यांना एकदम त्या पोरीची दया आली आणि स्वतःचा राग आला. आपण राखून कशाकरता ठेवतोय? ते खुर्ची जरा पुढे सरकवून बसले. "बाळा," ते म्हणाले, "मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली," आणि मग जे काही होतं, तालमीतलं, त्यापलीकडचं, एकतीस वर्षं साठून राहिलेलं, ते सगळं त्यांनी तिच्याकडे बघून म्हणून टाकलं. शिवणाच्या डब्याशी आल्यावर त्यांचा आवाज फुटला. आधी कधीच फुटला नव्हता. आणि समोर ती मुलगी, रुमाल विसरून, नाक वाहत असताना, लहान पोरासारखी रडत होती.

कट कोणी म्हणेना. मग दिग्दर्शक म्हणाला. रंगारी तोंड फिरवून भिंतीकडे बघत होता. मुलीने उठून नटवर्यांचे दोन्ही हात धरले. मग तिला न्यायला गाडी आली.

नटवर्यांचा क्लोज घ्यायला दिवे फिरवायचे होते. दिवे फिरवायला दोन तास लागले, मधे एक दिवा उडाला, आणि नटवर्य नव्या चष्म्यासकट ओलीपुढे बसले, कॅमेरा त्यांच्या नाकापासून हातभर अंतरावर आला, दिग्दर्शकाने बोट वर केलं, एवढ्यात दारावर टकटक झाली. दारात सेक्रेटरी उभे होते, हातात शिक्क्याचं पत्र आणि मनगटावरचं घड्याळ पुढे केलेलं.

"पाच," ते म्हणाले.

विनवण्या झाल्या. नटवर्यांनी स्वतः हात जोडले. पण सेक्रेटरी अन्याय करणारे गृहस्थ नव्हते. त्यांनी आजवर जे कोणासाठी केलं नव्हतं ते नटवर्यांसाठी कसं करणार? दिग्दर्शकाने घड्याळाकडे बघितलं, मग मोबाइलमध्ये दुपारचं मुलीचं चित्रण बघितलं आणि नटवर्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "सर, आपल्याला मिळालंय. तिच्यावरच ठेवू पूर्ण. खरंच गरज नाही." साडेपाचला घर रिकामं झालं होतं.

ज्या दिवशी तो भाग लागायचा होता, त्या दिवशी संध्याकाळी अर्धी बिल्डिंग नटवर्यांच्या बाहेरच्या खोलीत येऊन बसली. त्यांनी कोणालाच काही सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी काय? मनात एक वेडी आशाही होती, की कुठेतरी, चुकून, दोन सेकंद तरी.

सीन सुरू झाला. पडदाभर त्या मुलीचा चेहरा. डाव्या कोपऱ्यात एक खांदा, अर्धा कान, आणि मागून दिसणारं टक्कल. ते एवढं मोठं झालंय याची नटवर्यांना कल्पना नव्हती. दोन पानं पूर्ण झाली. मुलगी रडली. मग जाहिरात लागली.

"काय रडली हो पोरगी!" वरच्या वहिनी पदराने डोळे टिपत म्हणाल्या. "अस्सा काळजाला हात घातला!"

"आपली भिंत कुठे दिसली?" सेक्रेटरींनी विचारलं. ती दिसणं शक्यच नव्हतं. ती कॅमेऱ्याच्या पाठीमागे होती.

"भाऊजी, तुमचा आवाज पण येत होता," वहिनी म्हणाल्या. मग सगळे त्या मुलीबद्दल बोलत बोलत गेले. ती यंदा बक्षीस घेणार, यावर जिन्यात एकमत झालं.

नटवर्य कप गोळा करत होते. बायकोने टीव्ही बंद केला. आज तिच्या मांडीवर वह्या नव्हत्या.

"तिला तुम्ही रडवलंत," ती म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"वरून ऐकू येत होतं. तीनदा म्हटलंत तेव्हा मी वहिनींशी बोलत होते. चौथ्यांदा म्हटलंत तेव्हा आम्ही दोघी गप्प बसलो." तिने रिमोट खाली ठेवला. "मला वाईट वाटलं आज. मी इथे बसून त्या पोरीकडे बघत होते, आणि मला तुम्हाला बघायचं होतं."

नटवर्यांनी कप टेबलावर ठेवले, पुन्हा उचलले.

"ठेवा ते," बायको म्हणाली. "इथे बसा. समोर. म्हणा."

"आत्ता? अगं, व्हिडिओ काढला तेव्हा ऐकलंस की तू."

"तेव्हा मी मोबाइल हलू नये म्हणून बघत होते. तुमच्याकडे कुठे बघितलं?"

नटवर्य खुर्ची ओढून बसले. तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. एवढ्यात बेल वाजली. दारापलीकडून सेक्रेटरींचा आवाज आला, यादीत सोसायटीचं नाव राहिलंय, अर्ज कोणाकडे करायचा?

"आत्ता नाही," बायको बसल्या जागेवरून म्हणाली. "उद्या या."

जिन्यात पावलं लांब गेली. नटवर्यांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली. पहिलं पान नीट पार पडलं. दुसऱ्या पानावर, शिवणाच्या डब्याच्या थोडं पुढे, ते अडखळले. शब्द येत होते, पण ती एकटक बघत होती, आणि असं इतक्या जवळून, इतका वेळ, दुसरीकडे न बघता, त्यांच्याकडे कोणी बघितलं नव्हतं. त्यांना पुढचं आठवेना.

पुढचं वाक्य तिने सांगितलं.